वाडीतून वाढलेले शहर : नामदार जगन्नाथ शंकरशेट

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी निघालेली सरोजिनी नगरातील मराठी मुले दिल्लीहून राजधानी एक्स्प्रेसने मुंबई सेंट्रलला उतरतात. तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर नाना चौक आहे. या स्थानकाला नाना शंकरशेट यांचे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये घेतला, तेव्हा दिल्लीतील अनेक मराठी घरांतून हे नाना कोण, असा प्रश्न विचारला गेला असेल. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला आलेल्या दोन-तीन वाक्यांवरून त्यांची ओळख होण्यासारखी नाही. पहिली आगगाडी आणि मुंबईचे शिल्पकार, एवढ्यावर ती वाक्ये संपतात. पैकी दुसरे विशेषण तर थोडे सैलच आहे. मुंबई ही पारशी, भाटिया, बोहरी, कोकणी, घाटी अशा असंख्य हातांनी उभारली. नानांचे वेगळेपण शिल्पकार या शब्दात सापडत नाही. जमिनीवर श्रीमंत झालेल्या एका घराण्याने आपल्या जमिनीचे, पैशाचे आणि शब्दाचे वजन आपल्याच वस्तीच्या पारड्यात कसे टाकले, या हकीकतीत ते सापडते.

हे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ. अठराव्या शतकाच्या मध्यास घराण्यातील गणबाशेट मुंबईला आले आणि कोटाच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, त्यांनी व्यापार मांडला. त्यांचा जम इतका बसला की तेथील एका गल्लीला त्यांचेच नाव पडले. इंग्रजी उच्चारात ती गनबाव स्ट्रीट झाली आणि पुढे कित्येक पिढ्यांना या नावामागे एक मराठी माणूस आहे याचा पत्ताही लागला नाही. आज त्या रस्त्याचे नाव रुस्तम सिधवा मार्ग असे आहे. गणबाशेटांनंतर बाबुलशेट, त्यानंतर शंकरशेट अशी पेढी चालत आली. शंकरशेटांचे पुत्र जगन्नाथ यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लागले, आणि मुरकुटे हे आडनाव मागे पडून शंकरशेट हेच घराण्याचे नाव ठरले.

नानांच्या जन्मानंतर बरोबर एका आठवड्याने, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, मुंबईच्या कोटात भयंकर आग लागली. हिंदी लोकांच्या दाट वस्तीचा मोठा भाग तिने गिळला. आगीनंतर सरकारने कोटाभोवतालचे मैदान अधिक मोकळे करण्याचे ठरवले आणि लोकांनी कोटाबाहेर राहावयास जावे असे धोरण आखले. कालपर्यंत जेथे नारळी-पोफळीच्या बागा, भातखाचरे आणि दलदल होती, तेथे घरे उठू लागली. गिरगावातल्या फणसवाडी, कांदेवाडी, खोताची वाडी ही नावे त्या बागायतींची आठवण आजही धरून आहेत. माडांची वाडी हळूहळू माणसांची वाडी झाली. ज्याच्यापाशी कोटाबाहेर जमीन होती, त्याचे भाग्य या एका आगीने पालटले असे म्हणण्यास हरकत नाही. शंकरशेट घराण्यापाशी गिरगाव-ताडदेव भागात अशी विस्तीर्ण जमीन होती. शहर त्यांच्याकडे चालत आले.

हे भाग्य पुष्कळांना लाभले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन लाखांच्या घरात असलेली मुंबईची वस्ती १८६४ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेली. या साठ वर्षांत ज्यांच्या जमिनींचे मोल वाढले त्यांपैकी बहुतेकांची नावे आज केवळ जुन्या खरेदीखतांतून उरली आहेत. जमीनदाराला काही न करताही श्रीमंत होता येते. भाडे वेळेवर वसूल केले की झाले. नाना मात्र या वाटेने गेले नाहीत.

मातुःश्री भवानीबाई नानांच्या बालपणीच निवर्तल्या. वडिलांनी मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था घरीच केली आणि त्यात संस्कृताबरोबर इंग्रजीही ठेवली, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. १८२२ मध्ये वडीलही गेले आणि एकोणीस वर्षांच्या तरुणावर पेढी, जमीनजुमला आणि घराण्याची पत यांचा भार पडला. या तिन्हींत पत ही सर्वांत नाजूक वस्तू. ती त्यांनी अशी सांभाळली की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसाअडका बँकेऐवजी नानांकडे ठेवीत. ज्या माणसाची अनामत परत देण्याबद्दल ख्याती आहे, त्याने सार्वजनिक कामासाठी वर्गणीची यादी पुढे केली तर लोक नाव घालण्यास कचरत नाहीत. नानांच्या पुढील चाळीस वर्षांच्या कार्याचे भांडवल बहुधा हेच होते.

वडील वारले त्याच वर्षी मुंबईत एका संस्थेने आकार घेतला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने देशी लोकांसाठी शाळा काढणे आणि शालोपयोगी पुस्तके तयार करणे या हेतूने ती निघाली होती. तिचे नाव अनेकदा बदलले. अखेर नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव रूढ झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी अभियंता तिचा चिटणीस होता आणि त्याने गणिताची पुस्तके मराठीत आणवली. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे हे तिचे हिंदी चिटणीस. बालमित्र हे त्यांचे पुस्तक एका काळी महाराष्ट्रातील प्रत्येक शिकत्या मुलाच्या हातात असे. बाळशास्त्री जांभेकर याच मंडळींत वाढले. विशीतले नाना या संस्थेच्या कारभारात आले आणि शेवटपर्यंत शिक्षणाच्या कारभारातून ते बाहेर पडले नाहीत. १८४० पर्यंत या संस्थेच्या शंभराहून अधिक प्राथमिक शाळा इलाख्यात चालू होत्या. शाळा, शिक्षक, पुस्तके, छपाई, परीक्षा यांतले काहीच पूर्वी अस्तित्वात नसताना हे झाले, हे लक्षात घेतले पाहिजे.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन मायदेशी परतले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. हा पैसा पुतळ्यात न घालता विद्यादानासाठी प्राध्यापक नेमण्याकडे लावावा असे ठरले, आणि या निधीच्या व्यवस्थेत नाना प्रमुख होते. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. सोसायटीच्या शाळेत आणि मग या इन्स्टिट्यूशनमध्ये एका गरीब पारशी विधवेचा मुलगा शिकला, फी पडत नव्हती म्हणून शिकू शकला, आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाला. त्याचे नाव दादाभाई नवरोजी. सरोजिनी नगराला लागून असलेल्या नवरोजी नगरात ज्यांचे बालपण गेले त्यांना ते नाव परके नाही. तेथील जुनी सरकारी घरे आता राहिली नाहीत, मोठमोठ्या व्यापारी इमारती त्या जागी उभ्या आहेत. पण वस्तीचे नाव ज्या पुरुषावरून पडले, तो ज्या शाळेत घडला तिच्या विश्वस्तांत एक मराठी जमीनदार होता, हा धागा दिल्लीकर मराठी माणसाने मनात ठेवण्यासारखा आहे.

नानांच्या चरित्रातील ज्या प्रसंगाचे मोल मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही सर्वाधिक वाटावे, तो मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशन, स्थापन केले. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे काम या मंडळाकडे गेले आणि हिंदी सभासदांमध्ये नाना आले. १८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश मंडळाचे अध्यक्ष झाले. पेरी हे काही अनुदार गृहस्थ नव्हते. हिंदी लोकांविषयी त्यांना आस्था होती. परंतु त्यांचे मत असे पडले की सरकारजवळ शिक्षणासाठी पैसा थोडा आहे, तो गावोगाव विखरून टाकण्यापेक्षा वरच्या वर्गातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे ते ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. बंगालमध्ये हेच धोरण चालू होते. मेकॉलेचा खलिता निघून दहा-बारा वर्षे झाली होती आणि वारा त्याच दिशेने वाहत होता.

मंडळात याला विरोध उभा राहिला. विरोधाच्या अग्रभागी जर्व्हिस होता, आता तो कर्नल झाला होता, आणि त्याच्या पाठीशी हिंदी सभासद होते. मंडळ सरळ दोन भागांत दुभंगले. १८४७ मध्ये नानांनी आपले मत लेखी मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: इंग्रजी शिकविण्यास त्यांचा मुळीच विरोध नाही, ज्याला सवड आणि साधन आहे त्याने ती जरूर शिकावी, पण सर्व लोकांपर्यंत विद्या पोचवावयाची असेल तर ती लोकांच्या बोलण्याच्या भाषेतूनच पोचेल. इंग्रजीवर प्रभुत्व मिळविण्यास जो वेळ लागतो तो सामान्य घरातील मुलापाशी नसतो. देशी भाषांत पुस्तके कमी असतील तर ती तयार करावीत; शब्द कमी पडतील तर संस्कृताचे भांडार मोकळे आहे. मूठभर विद्वान आणि बाकी सारे अडाणी, असा समाज त्यांना नको होता.

हे मत मांडणारा माणूस कोण होता, याचा विचार केला की त्याचे वजन कळते. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. गव्हर्नरांच्या घरी त्यांची ऊठबस होती. इंग्रजी शिक्षण केवळ वरच्या वर्गाला मिळाले असते तर पहिला लाभ त्यांच्याच घराला होता. त्यांच्या मुलाला देशी भाषेतील शाळेची गरज नव्हती. तरीही त्यांनी मुरबाडसारख्या गावातल्या मुलाची बाजू घेतली. शाळेला पैसे देणाऱ्याने वर्गात काय शिकवावे यात तोंड घालू नये, असा एक संकेत सर्वच शाळा मनोमन पाळू इच्छितात. येथे मात्र देणगीदाराने तोंड घातले ते बरेच झाले म्हणावे लागते.

निकाल एका बाजूने लागला नाही. सरकारने दोन्ही पक्षांना थोडे थोडे दिले. वरचे शिक्षण इंग्रजीतून चालू राहिले, पण मुंबई इलाख्यातील देशी भाषांच्या शाळा बंद पडल्या नाहीत, उलट वाढत गेल्या. आणि १८५४ मध्ये वुडचा खलिता आला तेव्हा त्यात इंग्रजीबरोबर देशी भाषांनाही शिक्षणात स्थान मिळाले. प्राथमिक शाळा मराठीच असते हे महाराष्ट्रात पुढे इतके स्वाभाविक वाटू लागले की त्यासाठी कोणाला भांडावे लागले होते, याचेच विस्मरण झाले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालविणाऱ्यांना ते विस्मरण परवडत नाही. दरवर्षी जूनच्या नव्हे तर एप्रिलच्या प्रवेशावेळी पेरीसाहेबांचाच युक्तिवाद पालकांच्या मुखातून नव्याने ऐकू येतो, आणि त्यातील काळजी खोटी असते असेही म्हणता येत नाही.

मुलींच्या शाळेच्या बाबतीत नानांनी मत मांडून थांबणे पसंत केले नाही. एल्फिन्स्टनमधील तरुणांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. तरुणांजवळ उत्साह होता, जागा नव्हती, आणि मुलींच्या शाळेला जागा देण्यास कोणी धजत नव्हते. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली आणि खर्चाचा भारही उचलला. वर्गणी देणे आणि दारात शाळा भरू देणे यांत फार अंतर आहे. वर्गणी एकदा दिली की संपते. शाळा रोज भरते, रोज गलबला होतो, रोज शेजारीपाजारी आणि ज्ञातिबांधव नावे ठेवायला मोकळे असतात. ज्या घरात नित्य पूजाअर्चा काटेकोरपणे चाले, त्याच घराच्या अंगणात मुली पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. आपल्या मुलीला शाळेत पाठविण्यास कचरणाऱ्या गिरगावकराला दुसऱ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हे दृश्य अधिक पटले असेल.

धर्म आणि सुधारणा यांचा असा एकत्र संसार नानांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसतो. १८२९ मध्ये बेंटिंकने सतीची चाल बंद केली, तेव्हा मुंबई इलाख्यातही ती बंद व्हावी म्हणून त्यांनी सरकारला साहाय्य केले. दुसऱ्या बाजूस, सोनापूरची स्मशानभूमी हलवून हिंदूंनी शवे शिवडीला न्यावीत असा बेत निघाला, तेव्हा तोच माणूस लोकांच्या बाजूने उभा राहिला आणि तो बेत रहित झाला. गिरगावातून शिवडीपर्यंत खांद्यावरून प्रेत नेणे म्हणजे काय, हे कागदावर नकाशा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कळण्यासारखे नव्हते. शहराचे नियोजन करणाऱ्यांच्या नजरेतून जे सुटते ते वस्तीत राहणाऱ्या जमीनदाराला दिसते.

आगगाडीची हकीकत सर्वपरिचित आहे, म्हणून ती थोडक्यात. इंग्लंडात लोहमार्ग सुरू होऊन पंधरा-वीस वर्षे होत नाहीत तोच मुंबईतही तो व्हावा म्हणून नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन मंडळी जमविली. या खटपटीतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली आणि तिच्या संचालकांत दोघेही होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून तीन इंजिनांची, चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्यास निघाली. अंतर एकवीस मैल. तोफांची सलामी झाली. ठाण्याच्या पलीकडे मुरबाड. गणबाशेटांनी ज्या मुलखातून मुंबई गाठली होती, त्याच मुलखाकडे त्यांच्या पणतवंडांच्या पिढीने लोखंडी वाट टाकली.

त्या मानाने ग्रँट रोडच्या नाटकगृहाची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि ती अधिक रंजक आहे. कोटातील जुने नाटकगृह विकले गेल्यावर बरीच वर्षे मुंबईत नाट्यगृहच नव्हते. नानांनी ग्रँट रोडवरील आपली जमीन दिली आणि १८४६ मध्ये तेथे नवे नाटकगृह उभे राहिले. ग्रँट रोड हा रस्ताच तेव्हा नवा. आजूबाजूस वस्ती विरळ. नाट्यगृहामुळे तो भाग नावारूपास येईल आणि शेजारच्या जमिनींना भाव येईल, हा हिशेब जमीनदाराच्या मनात नसेल असे मानण्याचे कारण नाही. आणि असला तरी त्यात गैर काही नाही. घडले ते मात्र हिशेबापलीकडचे होते. कोटात राहणारे युरोपियन रसिक इतक्या दूर येण्यास नाखूश असत, आणि रंगमंच देशी नाटकांसाठी मोकळा होत गेला. सांगलीत १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा प्रयोग करणारे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा १८५३ मध्ये त्यांचे खेळ याच नाटकगृहात झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही येथे नाटके केली. पुढे ज्यातून हिंदी चित्रपटाचा जन्म झाला ती पारशी रंगभूमी आणि ज्याचा आपण अभिमान वाहतो ते मराठी नाटक, या दोघांनी एकाच छताखाली मुंबईत आपले पाय रोवले. जमीन एका मराठी घराण्याची होती.

१८५२ हे साल नानांच्या राजकीय जीवनात महत्त्वाचे. कंपनी सरकारची सनद पुढच्या वर्षी नव्याने ठरावयाची होती. पार्लमेंटापुढे हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सभा भरली आणि बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना तिचे अध्यक्ष होते. चिटणिसांची जोडी डॉ. भाऊ दाजी आणि नानांचे पुत्र विनायकराव यांची. दादाभाईही त्या सभेत होते. राष्ट्रीय सभा जन्मास येण्यास अजून तेहतीस वर्षे अवकाश होता. असोसिएशनच्या अर्जात एक मुख्य गाऱ्हाणे असे होते की राज्यकारभाराच्या वरिष्ठ जागांतून हिंदी माणसांना दूर ठेवले जाते आणि परदेशी अधिकाऱ्यांच्या पगारावर देशाचा पैसा खर्च होतो. सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी वसविलेली वसाहत. तेथील दोन-तीन खोल्यांच्या क्वार्टरांत राहून ज्यांनी सचिवालयांत नोकऱ्या केल्या, त्यांच्या टेबलापर्यंतची वाट ज्या मागण्यांतून निघाली, त्यांपैकी एक आरंभीची मागणी या अर्जात आहे.

इतकी प्रतिष्ठा असूनही १८५७ मध्ये नानांवर संशयाची सावली पडली. उत्तरेत बंड पेटले होते आणि मुंबईचे पोलीस प्रमुख चार्ल्स फोर्जेट यांना ठायी ठायी कट दिसत होते. बंडवाल्यांशी नानांचा संबंध असावा अशी कुजबुज उठली आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यात आली. पुरावा काही मिळाला नाही आणि प्रकरण मिटले. तीस वर्षे ज्या सरकारबरोबर खांद्याला खांदा लावून शाळा काढल्या, त्या सरकारने आपल्या दारावर पहारा ठेवावा, याचे त्यांना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी लागते. त्यांच्या कामात मात्र खंड दिसत नाही. मुंबई विद्यापीठ त्याच वर्षी स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या अधिसदस्यांत नाना होते. जमशेटजींच्या देणगीतून निघालेल्या कलाशाळेच्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, व्यवस्थेतही त्यांचा सहभाग होता. १८६१ च्या कायद्यान्वये मुंबईचे विधिमंडळ बनले, त्यात पहिल्या हिंदी सभासदांमध्ये त्यांची नेमणूक झाली. नामदार ही उपाधी त्यांच्या नावामागे लागली ती तेव्हापासून.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एका कामाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे वस्तुसंग्रहालय आहे, त्यासाठी भाऊ दाजी, डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि नाना यांनी लोकांकडून पैसा उभा केला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी त्याची कोनशिला बसली. इमारत पुरी होऊन ते लोकांसाठी खुले होईतो १८७२ साल उजाडले. नाना ते पाहू शकले नाहीत. शंभर वर्षांनंतर त्या संग्रहालयाला भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी महानगरपालिका, इनटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्ण इमारतीचा असा सुरेख जीर्णोद्धार केला की २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. मुंबईस जाणाऱ्या पालकांनी मुलांना राणीच्या बागेतील पेंग्विन दाखवून परत आणू नये. शेजारचे हे दालनही दाखवावे.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचा अंत झाला. तो महिना मुंबईच्या इतिहासात काळा म्हणून नोंदला गेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव युद्ध संपताच कोसळला होता आणि १ जुलैला भागबाजारातील भल्याभल्या पेढ्यांचे दिवाळे वाजले होते. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्यांचे कागद रद्दीच्या मोलाचे झाले. त्या गदारोळात साठ वर्षे पायाखालच्या खऱ्या जमिनीवर उभे असलेले एक आयुष्य शांतपणे संपले.

नानांच्या संगमरवरी पुतळ्याला मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, जागा मिळाली. गिरगावच्या मुख्य रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट मार्ग असे नाव आहे. नाना चौकाजवळ घराण्याने बांधलेले भवानीशंकराचे देऊळ आजही उभे आहे; उंच इमारती, उड्डाणपूल आणि आकाशमार्गिका यांच्या गर्दीत ते शोधावे लागते, पण आत गेल्यावर जुन्या गिरगावची सावली अंगावर येते. शहराने त्यांच्या बाकीच्या जमिनीचे काय केले, ते आसपास पाहिले की दिसते.

त्यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात एक शिष्यवृत्तीही ठेवली गेली. मॅट्रिक परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळे, आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे जन्माचे सार्थक झाले असे महाराष्ट्रातील शिक्षकांना कित्येक दशके वाटत आले. १९१२ मध्ये हा मान कुलाबा जिल्ह्यातील एका मुलाला मिळाला. तो मॅट्रिकला सर्व विद्यार्थ्यांतही पहिला होता. पुढे केंब्रिज, सनदी सेवा, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नरपद अशा पायऱ्या चढत चिंतामणराव देशमुख दिल्लीस आले आणि १९५० मध्ये स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मुंबई महाराष्ट्राला न देता वेगळी ठेवण्याचे घाटत होते. चिंतामणरावांना ते मान्य नव्हते, आणि १९५६ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला.